लहान मुलांसाठी खगोलशास्त्र: प्रशिक्षण घेऊन आलेल्या शिक्षकाने पहिली कार्यशाळा कशी घ्यावी

आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण घेऊन शिक्षक परत येतो, तेव्हा सोबत पृथ्वीचा चेंडू, चंद्राची चित्रे आणि उपक्रमांचे पुस्तक असते. पहिले काही दिवस उत्साहाचे जातात आणि मग ती पेटी कपाटात जाऊन बसते. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. प्रशिक्षणात त्याने ऐकले खूप, पण मुलांनी जे करायचे ते स्वतः पुरेसे केले नाही. दिव्यासमोर चेंडू धरून गोल फिरताना कुठे अडते, हे हातापायांना कळलेले नसेल तर भरल्या वर्गात ते करायला मन धजत नाही.

म्हणून या लेखातली सगळी मांडणी एका गोष्टीभोवती आहे. कार्यशाळेत आलेल्या शिक्षकांनी आधी आकाश पाहावे, मग हातांनी प्रतिकृती करावी आणि शब्द सगळ्यांत शेवटी यावेत. मुले ४ ते १० वर्षांची धरली आहेत, शिक्षक २४ आणि दिवस दोन.

कोणत्या कार्यक्रमातून काय घ्यावे

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची, म्हणजे आयएयूची स्थापना १९१९ सालची. शालेय शिक्षणाचे काम या संघाने जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या 'ऑफिस ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी फॉर एज्युकेशन'कडे सोपवले आहे. अनेक देशांत या कार्यालयाचे राष्ट्रीय समन्वयक आहेत. नवख्याने पहिला निरोप आपल्या देशाच्या समन्वयकाला धाडावा, कारण आपल्या भाषेत आधी काय झाले आहे ते त्यांना ठाऊक असते.

लहान मुलांसाठी सर्वांत उपयोगी पडतो तो 'युनिव्हर्स अवेअरनेस' हा कार्यक्रम. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मायली यांच्या कल्पनेतून तो उभा राहिला आणि त्याचा रोख सुरुवातीपासून ४ ते १० या वयावर आहे. त्यांच्या 'युनिव्हर्स इन अ बॉक्स' या पेटीत चंद्र, पृथ्वी, सूर्य, ग्रहमाला आणि तारकासमूह असे पाच भाग आहेत. पेटी मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी थांबू नका. खाली दिलेले सगळे उपक्रम चेंडू, दिवा, दोरी आणि पुठ्ठा यांवर होतात.

'गॅलिलिओ टीचर ट्रेनिंग प्रोग्राम' २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षातून निघाला. 'नेज' या नावाने ओळखले जाणारे शालेय खगोलशास्त्र शिक्षणाचे जाळे स्पेनच्या रोसा मारिया रोस यांच्या पुढाकाराने चालत आले आहे. या दोन्हींतले साहित्य बरेचसे मोठ्या मुलांसाठी आहे. त्यातली घरी बनवायची उपकरणे शिक्षकांच्या स्वतःच्या समजुतीसाठी घ्या. पहिली-दुसरीत ती जशीच्या तशी नेली तर मुले कापण्याचिकटवण्यातच अडकतात. सुटे उपक्रम हवे असतील तर आयएयूचा 'अ‍ॅस्ट्रो-एज्यु' हा संग्रह आहे. त्यातला प्रत्येक उपक्रम एक शिक्षणतज्ज्ञ आणि एक खगोलशास्त्रज्ञ अशा दोघांच्या नजरेखालून गेलेला असतो.

कोणत्या वयाला काय

चार ते सहा वर्षांच्या मुलांसोबत तीनच गोष्टी घ्या: दिवस-रात्र, सावली आणि चंद्राचे बदलणारे रूप. चंद्राचे रूप या वयात पाहायचे आणि काढायचे. ते का बदलते, हे समजावू नका. त्यासाठी एकच वस्तू दुसऱ्या जागेवरून कशी दिसेल याची कल्पना करावी लागते आणि ती क्षमता बहुतेक मुलांत पुढच्या दोन-तीन वर्षांत येते. सात ते आठला चंद्रकलांचा दिवा, अंतरे आणि सावलीची काठी जमते. ऋतूंचे कारण नऊच्या आधी काढूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

ऋतूंबाबत मोठ्यांचीही गडबड असते. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण कॅमेऱ्यासमोर विचारले, तेव्हा २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात तर तेव्हा उन्हाळा चालू असतो. हे दोन आकडे शिक्षकांसमोर ठेवा आणि त्यांनाच भांडू द्या.

कार्यशाळेच्या आधीचे चार आठवडे

हा भाग टाळला की कार्यशाळा पोकळ होते. निवड झालेल्या प्रत्येक शिक्षकाला चार आठवडे आधी चंद्राची वही पाठवा. एका पानावर ३० वर्तुळे, प्रत्येकाखाली तारीख, वेळ, दिशा आणि 'क्षितिजापासून किती मुठी' अशा चार रिकाम्या जागा. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. लहान मुलाची मूठ छोटी असते, पण हातही आखूड असतो, त्यामुळे त्याचेही माप जवळपास तेच येते.

वहीची सुरुवात अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी करा. तेव्हा पश्चिमेला कोर सहज सापडते आणि पहिल्याच दिवशी कुणी निराश होत नाही. पौर्णिमेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, लोक रात्री थांबत नाहीत आणि वह्या कोऱ्या राहतात. म्हणून आधीच सांगून ठेवा: पौर्णिमा झाली की चंद्र सकाळी पश्चिमेला शोधायचा. कृष्ण पक्षातल्या अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारच्या सुमारास मावळतो, म्हणजे सकाळच्या शाळेत तो खिडकीतून दाखवता येतो. शुक्ल पक्षातल्या अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो आणि शाळा सुटताना पूर्वेकडे वर आलेला असतो. भरदिवसा चंद्र दिसतो हे कित्येक शिक्षकांनी कधी लक्ष देऊन पाहिलेले नसते. तो एकदा दिसला की 'चंद्र रात्रीचा, सूर्य दिवसाचा' ही शिकवण्यातली जुनी जोडी आपोआप सुटते.

ढग आले तर वर्तुळ कोरे ठेवायचे. मोबाईलवर बघून भरायचे नाही. कोरे वर्तुळ खरे असते, आणि 'इथे काय असेल?' हा प्रश्न त्यातूनच निघतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या पाच मुलांकडून एक चित्र काढून आणावे: पृथ्वी काढ, त्यावर माणसे काढ, आकाश कुठे आहे ते दाखव. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या ६० मुलांना असेच खोदून खोदून विचारले होते. 'पृथ्वी गोल आहे' असे म्हणणारी काही मुले प्रत्यक्षात तबकडी कल्पित होती. काहींच्या मते पृथ्वी दोन होत्या, एक आकाशातली गोल आणि एक पायाखालची सपाट. काहींनी पोकळ गोळा कल्पिला होता, माणसे आत सपाट जमिनीवर आणि वर घुमटासारखे आकाश. आपल्याच वर्गातल्या चित्रांत यांतले काही सापडले की शिक्षकाची पुढची दोन दिवसांची बैठक बदलते. चित्रांवर बरोबर-चूक खुणा करू नका, नाही तर पुढच्या वेळी मुले पुस्तकातले चित्र उतरवून देतात.

साहित्य जमवताना

काळोख करता येईल अशी खोली ही पहिली गरज. भिंती पांढऱ्या असतील तर उजेड परतून येतो आणि चेंडूची काळी बाजूही उजळते. दिव्याजवळच्या भिंतींवर गडद चादरी लावा. खिडक्यांच्या फटी आदल्या दिवशी, उजेडातच तपासा.

दिवे तीन, उघडे, शेड नसलेले, ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड देणारे. बल्ब लहान असेल तर चेंडूवरची उजेड-काळोखाची कड स्वच्छ उमटते, मोठा दुधी गोळा असेल तर ती पसरते. दिव्याची उंची पाहणाऱ्याच्या डोळ्यांइतकी हवी. मोठ्यांसाठी लावलेला स्टँड तसाच पाच वर्षांच्या मुलांसमोर ठेवला तर उजेड वरून पडतो आणि चंद्राच्या कला टोपीसारख्या दिसू लागतात. म्हणून उंची बदलता येणारा स्टँड घ्या, किंवा मुलांसाठी दिवा टेबलावर उतरवा. वायर जमिनीला चिकटपट्टीने पक्की करा. काळोखात फिरणाऱ्या माणसाचा पाय हमखास तिच्यातच अडकतो.

चेंडू २४, शिवाय चार जास्तीचे. थर्माकोलचे, ५ ते ७ सेंटीमीटर व्यासाचे, प्रत्येकात पेन्सिल किंवा काडी खुपसलेली. टेबल टेनिसचा चेंडू सोयीचा वाटतो, पण त्यातून उजेड आरपार जातो आणि काळी बाजू काळी राहत नाही. थर्माकोलमधूनही थोडा उजेड झिरपतो. राखाडी, चमक नसलेल्या पाण्याच्या रंगाचा एक हात दिला की तो थांबतो. तैलरंग किंवा स्प्रे वापरू नका, त्याने थर्माकोल विरघळतो.

याशिवाय २० सेंटीमीटरचा एक चेंडू, ७ मीटर दोरी, खडू, ३० सेंटीमीटरच्या सरळ काठ्या, सपाट फळ्या, ६० सेंटीमीटर रुंदीचा जाड पुठ्ठा आणि दोऱ्याचे रीळ.

पहिला उपक्रम: डोके म्हणजे पृथ्वी

सगळ्यांनी दिव्याभोवती उभे राहायचे. डोके म्हणजे पृथ्वी, नाकाचे टोक म्हणजे आपले गाव. दिवा नाकासमोर आला की दुपार, पाठीमागे गेला की मध्यरात्र. आता दोन्ही तळहात कानशिलांजवळ झापडांसारखे धरायचे. डावा हात पूर्व, उजवा हात पश्चिम. मग जागच्या जागी, डावीकडे, अगदी सावकाश फिरायचे. दिवा डाव्या हाताआडून डोकावतो तो सूर्योदय, उजव्या हाताआड जातो तो सूर्यास्त.

बहुतेक जण नकळत उजवीकडे फिरतात आणि त्यांचा सूर्य पश्चिमेला उगवतो. लगेच दुरुस्त करू नका. 'तुमच्याकडे सूर्य कुठल्या हाताला उगवला?' एवढेच विचारा, म्हणजे दिशा ते स्वतः बदलतात. कार्यशाळेत आलेल्या शिक्षकाने ही वाट पाहण्याची सवय उचलली तर बाकीचे अर्धे काम झाले.

लहान मुलांत नाकावर छोटा ठिपका चिकटवला तर 'गाव' विसरत नाही. एका फेरीला सावकाश दहा आकडे मोजा. भरभर फिरले की मुलांना चक्कर येते आणि उपक्रम तिथेच संपतो.

दुसरा उपक्रम: दिव्यासमोरचा चंद्र

याला पूर्ण दीड तास द्या. एका दिव्याभोवती आठच जण, दिव्यापासून दीड ते दोन मीटरवर, एकमेकांत हातभर अंतर ठेवून. दहा-बारा जण उभे केले की एकाच्या डोक्याची सावली दुसऱ्याच्या चंद्रावर पडते. तीन दिव्यांना तीन वेगळ्या खोल्या नसतील तर एकच दिवा ठेवा आणि गट पाळीपाळीने आत घ्या. बाहेर थांबलेल्यांना चंद्राच्या वह्या जुळवायला लावा.

१. चेंडू डाव्या हातात, हात पूर्ण लांब करून, डोक्यापेक्षा किंचित वर धरा. दिव्याकडे तोंड करा. आपल्याकडची बाजू काळोखी दिसते, ही अमावास्या.

२. डोळे चेंडूवरच ठेवून डावीकडे थोडे वळा. साधारण ४५ अंशांवर उजव्या कडेला कोर उमटते. इथे थांबा. प्रत्येकाला ती दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. पाव फेरीवर उजवी बाजू अर्धी उजळलेली दिसते. आता बोटाने दिव्याची दिशा दाखवायला सांगा. उजळलेली बाजू नेहमी दिव्याकडेच असते, हे इथे ध्यानात येते.

४. अर्ध्या फेरीवर दिवा पाठीशी येतो आणि चेंडू पूर्ण उजळतो. चेंडू डोक्यावर धरायला सांगितले होते ते यासाठीच.

५. पुढच्या अर्ध्या फेरीत उजेड उजवीकडून उतरत जातो आणि डाव्या कडेला शेवटची कोर राहते.

पहिली फेरी मुकाट्याने. दुसऱ्या फेरीत प्रत्येक थांब्यावर आपल्या वहीतला तसा दिसणारा चंद्र शोधायचा. तिसऱ्या फेरीत नावे घ्यायची: अमावास्या, कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा. सुरुवातीलाच नावे घेतली तर सगळे नावे आठवण्यात गुंततात आणि चेंडूकडे बघायचे राहून जाते.

चौथ्या पायरीवर कुणाचा तरी चेंडू अचानक काळा पडतो, कारण हात खाली आलेला असतो आणि डोक्याची सावली चेंडूवर पडते. हा क्षण वाया घालवू नका. सगळ्यांना मुद्दाम तसे करून पाहायला लावा. हे चंद्रग्रहण. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही मोठ्यांमधली सर्वांत घट्ट समजूत आहे आणि ती इथेच सैल होते. आपली सावली पडते तेव्हा चेंडू कसा दिसतो आणि अर्ध्या चंद्राच्या वेळी आपली सावली कुठे असते, हे दोन्ही एका मिनिटाच्या अंतराने हातातच पाहिलेले असते. अर्ध्या चंद्राच्या वेळी सावली चेंडूपासून पार वेगळ्या दिशेला, दिव्याच्या उलट बाजूला पडलेली असते.

उजवी बाजू आधी उजळते हे उत्तर गोलार्धातून. दक्षिण गोलार्धात डावी आधी उजळते आणि विषुववृत्ताजवळ कोर होडीसारखी आडवी दिसते. वेगवेगळ्या देशांचे शिक्षक एकत्र असतील तर कोरीचे एकच चित्र तिघांना द्या: एकाने सरळ धरायचे, एकाने पूर्ण उलटे, एकाने आडवे. तिघांचेही आकाश बरोबरच असते.

अंतर: दोरीने मोजून

दिव्याच्या उपक्रमात एक खोट राहते. चंद्र हातभरच लांब असतो. म्हणून त्याच दिवशी अंतर दुरुस्त करा.

२० सेंटीमीटरचा चेंडू म्हणजे पृथ्वी. समोर वेगवेगळ्या आकारांचे सात-आठ चेंडू ठेवा आणि चंद्र निवडायला सांगा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, म्हणजे या मापात चंद्र साडेपाच सेंटीमीटरचा. मग विचारा, तो किती लांब ठेवायचा? बहुतेक जण मीटरभर अंतरावर ठेवतात, कारण पुस्तकातल्या चित्रांत दोघे जवळजवळ असतात. आता दोरी पृथ्वीभोवती साडेनऊ वेढे गुंडाळा, सोडा आणि ताणा. चंद्र सहा मीटरवर जातो. खरे अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, याचे उत्तरही या दोरीवर मिळते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. सहा मीटरवर पाच अंश म्हणजे चंद्र अर्धा मीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. त्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी जेमतेम १५ सेंटीमीटर असते. पुठ्ठ्याची १५ सेंटीमीटरची काळी चकती सहा मीटरवर लावा आणि एकाला चंद्र तिच्या अर्धा मीटर वरून न्यायला सांगा. शब्दांची गरज उरत नाही.

सूर्य मात्र खोलीत आणू नका. याच मापात तो सुमारे २२ मीटर व्यासाचा होतो आणि २.३ किलोमीटरहून जरा लांब उभा राहतो. नकाशावर ती जागा दाखवली तरी पुरे.

सावलीची काठी

सपाट फळीवर कागद, मध्ये ३० सेंटीमीटरची काठी, ओळंब्याने तपासून अगदी उभी. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर ठिपका आणि शेजारी वेळ. काठी कललेली असेल, किंवा कुणी फळी सावलीत सरकवून परत आणली असेल, तर ठिपके वेडेवाकडे येतात. त्यासाठी फळीभोवती जमिनीवर खडूने चौकट आखून ठेवा.

सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषेवर पडते, पण घड्याळात तेव्हा बारा वाजलेले असतीलच असे नाही. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून आपण किती लांब आहोत यावर ते अवलंबून असते, शिवाय वर्षभरात १६ मिनिटांपर्यंतचा फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे पडतो. कार्यशाळेत बाराच्या आधी एक तास ते नंतर एक तास दर १० मिनिटांनी खुणा करा, म्हणजे आखूड सावली निसटत नाही.

परदेशी तक्त्यांत 'दुपारी सावली उत्तरेला पडते' असे बेधडक लिहिलेले असते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला ते खरे आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोन दिवस मध्यान्हीची सावली नाहीशी होते आणि काही काळ ती उलट्या बाजूला पडते. तुमचे ठिकाण तिथे असेल तर तक्ता बदला, नाही तर मुलांनी बरोबर मोजलेली सावली शिक्षक चूक ठरवेल.

एक नियम प्रत्येक उन्हातल्या सत्राआधी मोठ्याने सांगायचा: सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून किंवा काजळी धरलेल्या काचेतून पाहायचे नाही. सावलीकडेच पाहायचे.

सप्तर्षी दोऱ्यांवर

हा उपक्रम दुसऱ्या दिवशी, सात वर्षांपुढच्या मुलांच्या शिक्षकांसाठी. पुठ्ठ्यावर सप्तर्षींची सात भोके पाडा. पुठ्ठा उभा करा आणि त्याच्यासमोर १२५ सेंटीमीटरवर एक छोटी कडी बांधा. ती कडी म्हणजे आपला डोळा. कडीपासून प्रत्येक भोकापर्यंत दोरा ताणा. आता एक प्रकाशवर्ष म्हणजे एक सेंटीमीटर असे धरून, कडीपासून मोजून, दोऱ्यांवर मातीचे छोटे मणी बसवा: मरीची (शेपटीच्या टोकाचा तारा) १०४ वर, क्रतू (दुसऱ्या टोकाचा, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यातला) १२३ वर, बाकीचे पाच सुमारे ८० वर.

कडीजवळ डोळा नेला की ओळखीचे सप्तर्षी दिसतात. दोन पावले बाजूला गेले की आकृती मोडते, मरीची आणि क्रतू मागे पडतात. मधले पाच तारे मात्र एकत्रच राहतात. ते खरोखरच अवकाशात एकमेकांसोबत चाललेले आहेत. सूर्याला सर्वांत जवळचा तारा या मापात कडीपासून सव्वाचार सेंटीमीटरवर येतो. मणी जड झाले की दोरे झोळ खातात आणि कडीतून पाहिलेली आकृती बिघडते, म्हणून मणी ज्वारीच्या दाण्याएवढेच करा.

भाषांतर करताना

'अ‍ॅस्ट्रो-एज्यु'सारखे साहित्य मूळ कर्त्यांचा उल्लेख करून भाषांतरित करायची मोकळीक असते. प्रत्येक उपक्रमाखालची परवान्याची ओळ तेवढी वाचून घ्या. शब्द बदलून भाषांतर पुरे होत नाही. कोरीची दिशा, दुपारच्या सावलीची बाजू, तारकासमूह दिसण्याचे महिने आणि ऋतूंची संख्या या चार गोष्टी आपल्या अक्षांशाप्रमाणे पुन्हा तपासा. ताऱ्यांची नावे मुलांच्या भाषेतली घ्या. 'कला' आणि 'ग्रहण' हे दोन शब्द एकाच वाक्यात कधी आणू नका, कारण लहान मुले त्यांची सांगड घालतात आणि ती पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

दोन दिवसांची आखणी आणि सराव पाठ

पहिल्या दिवशी सकाळी वह्या आणि चित्रे, मग डोके म्हणजे पृथ्वी, मध्यान्हीच्या सुमारास सावलीची काठी, दुपारी दिव्यासमोरचा चंद्र आणि दोरी. अंधार पडल्यावर अर्धा तास नुसत्या डोळ्यांनी आकाश. दुर्बीण असली तरी पहिल्या रात्री काढू नका, सगळे रांगेत उभे राहतात आणि आकाश कुणीच बघत नाही. दुसऱ्या दिवशी सप्तर्षी, भाषांतराची तपासणी, आणि उरलेला सगळा वेळ सराव पाठांना.

सराव पाठासाठी तीन-तीन जणांचे आठ गट करा, प्रत्येकाला १५ मिनिटे. बाकीचे शिक्षक मुले होतात आणि आणलेल्या चित्रांतल्या मुलांचे प्रश्न विचारतात. 'चंद्र आपल्यामागे का येतो?' हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे. इथे उत्तर सांगू लागणाऱ्या शिक्षकाला थांबवा आणि बाहेर न्या. जवळचा खांब आणि दूरचे झाड पाहत वीस पावले चालायला सांगा. खांब मागे जातो, झाड जवळजवळ जागेवर राहते आणि चंद्र तर त्याहून कितीतरी दूर आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो भिंतीवर लिहायचा, खाली तारीख घालायची आणि आठवड्याभरात शोधून परत यायचे.

कार्यशाळा ऑनलाइन असेल तर सप्तर्षी आणि सराव पाठ फिके पडतात, पण दिव्यासमोरचा चंद्र एकट्याने आपल्या खोलीत अधिक चांगला होतो, कारण दुसऱ्या कुणाची सावली मध्ये येत नाही. साहित्याची यादी आठ दिवस आधी धाडा आणि कॅमेरा चेंडूकडे वळवायला सांगा.

परतल्यानंतर

निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या पहिल्या तासाची तारीख लिहून द्यावी, दोन आठवड्यांच्या आतली. उपक्रम एकच, साहित्य जाताना सोबत. पेटी एकच असेल तर ती कुणाकडे किती दिवस राहील याचे वेळापत्रक झाकणाच्या आत चिकटवा. चेंडू फुटतात, काड्या हरवतात, म्हणून आत सामानाची यादी हवी आणि पेटी पुढे देताना ती मोजूनच द्यायची.

मुलांना काय समजले हे लेखी परीक्षेने मोजू नका. तीन महिन्यांनी त्याच पाच मुलांकडून तेच चित्र पुन्हा काढून घ्या आणि जुन्याशेजारी ठेवा. माणसे पृथ्वीच्या कुठल्या बाजूला आहेत, आकाश फक्त वर आहे की सगळीकडून आहे, एवढे पाहा. एखाद्या मुलाचे चित्र तसेच राहिले असेल तर त्याला एकट्याला पृथ्वीचा चेंडू हातात द्या, बोटाएवढी कागदी माणसे त्यावर चिकटवायला सांगा आणि खालच्या बाजूला चिकटवलेला माणूस पडेल का, हे त्यालाच विचारा.